कोनाले इचारलं होतं?

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा फडकला, सातवीच्या पोरींनी उद्देशिका एका दमात म्हटली आणि ग्रामसभेसाठी ताडपत्र्या अंथरायला घेतल्या, तोवर ऊन बरंच वर आलं होतं. हवेत गारवा होता, बुंदीच्या पुड्यांना डालड्याचा वास होता आणि शाळेमागच्या वावरातून सोंगलेल्या तुरीचा वाळका वास मधूनच येत होता. आबाजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. आमच्या आळीत नव्वदीच्या आसपासचं आता हे एकच माणूस उरलंय. काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून, पोरी "आम्ही, भारताचे लोक" म्हणत होत्या तेव्हा ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "का रे बापू, हे लिवलं तवा आपल्या गावातल्या कोनाले इचारलं होतं का?" मी संविधान सभेचं सांगितलं. प्रांतांच्या कायदेमंडळांनी प्रतिनिधी निवडून पाठवले होते, आपल्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख तिथे होते, मसुदा लोकांपुढे ठेवला होता, असं सगळं. ते मान डोलवत राहिले. "म्हंजे नाई इचारलं," असं म्हणून त्यांनी बुंदीची पुडी धोतराच्या सोग्यात बांधली आणि नातवाचा हात धरून घराकडे निघाले.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस हा आकडा पोरांकडून घोकून घेतो. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हेही सांगतो आणि सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबरात बाबासाहेबांनी तो सभागृहात मांडला, तोवर आठ महिने तो लोकांसमोर होता. पण लोकांसमोर म्हणजे कोणासमोर? त्या वेळी आबाजी पाटलाच्या कोठ्यातली ढोरं राखत होते. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मत होतं ते जमीन, कर किंवा शिक्षण यांतलं काहीतरी पदरी असलेल्यांना. आबाजींच्या बापाकडे यांतलं काहीच नव्हतं. त्या मतांतून निवडून आलेल्यांनी संविधान सभा निवडली. आबाजींच्या घराला पहिलं मत मिळालं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत, ते याच संविधानाने दिलं म्हणून. ज्या कागदाबद्दल त्यांना विचारलं नव्हतं, त्याच कागदाने पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांना विचारणं सरकारला भाग पाडलं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्यांचा प्रश्न त्याआधीचा आहे.

फेब्रुवारीत रात्रीच्या लाइनीचा आठवडा आला. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्या शेतपंपांना एक आठवडा दिवसा वीज असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्याला ओलीत करायचं म्हणजे रातभर वावरात. पाणी एका सऱ्यातून दुसऱ्यात वळवायचं, मधल्या वेळात धुऱ्यावर बसायचं, रोही आणि डुकरं आली की बॅटरी मारून ओरडायचं. मी सोबत एक जाड पुस्तक नेत होतो. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेलं, पाठपुठ्ठा सुटलेलं 'द फेडरलिस्ट'. आबाजींच्या प्रश्नामुळेच ते कपाटातून काढलं होतं, कारण त्यात विचारण्याचाच सगळा मामला आहे. डोक्याला बांधायच्या बॅटरीच्या उजेडात, चिखलाच्या बोटांनी पानं उलटत, मी ते कॉलेजच्या दिवसांनंतर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर सह्या झाल्या, पण ती लागू व्हायला तेरापैकी नऊ राज्यांनी आपापल्या खास अधिवेशनात होकार द्यायचा होता. न्यूयॉर्कमध्ये हवा विरोधात होती. तेव्हा अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी 'पब्लियस' हे एकच टोपणनाव घेऊन वर्तमानपत्रांत लेख लिहायला सुरुवात केली. पहिला लेख २७ ऑक्टोबर १७८७ चा. जॉन जे आजारी पडले आणि पाचच लेख लिहू शकले. बाकीचा भार दोघांनी उचलला, हॅमिल्टनने ५१ आणि मॅडिसनने २९. एकूण ८५. त्यांचंच पुस्तक म्हणजे 'द फेडरलिस्ट'. आठवड्याला तीन-तीन, चार-चार लेख पडत होते, छापखान्याचा माणूस दारात उभा असावा अशी घाई. आणि प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एकच ओळ, न्यूयॉर्क राज्याच्या लोकांना उद्देशून. पहिल्याच लेखात हॅमिल्टन विचारतो की माणसांना विचार करून आणि निवड करून चांगलं सरकार उभं करता येतं का, की अपघात आणि बळजबरी यांवरच त्यांनी कायम विसंबून राहायचं?

हे वाक्य मी धुऱ्यावर मोठ्याने वाचलं. पलीकडच्या वावरातून शेजाऱ्याने "काय म्हनता?" म्हणून हाक दिली.

मला त्या लेखांतलं सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर ती धडपड. समोरच्याला पटवायचं आहे, म्हणजे समोरच्याला समजतं हे आधी धरून चाललं पाहिजे. सैन्य कोणाच्या हाती, कर कोण लावणार, न्यायाधीश कायमचे का नेमायचे, दोन सभागृहं कशासाठी, एकेका कलमाची बाजू हे लोक लोहार, सुतार, दुकानदारही चाळतील अशा वर्तमानपत्रात मांडत बसले. विरोधकही तसेच. 'ब्रूटस', 'केटो', 'फेडरल फार्मर' अशा नावांनी त्यांनी लिहिलं की एवढ्या मोठ्या देशाचं सरकार दूर जाईल, बेलगाम होईल, गरिबाची गाऱ्हाणी तिथवर पोचणार नाहीत. मुंबईपासून आठशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला ब्रूटस वेडा वाटत नाही. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली आणि १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. तेव्हाही आबाजींना कोणी विचारलं नव्हतं.

आणि मग दहावा लेख.

हा मॅडिसनचा लेख जगभर शिकवला जातो, मीही शिकवतो. पण वावरात बसून वाचताना त्यातल्या शेवटाकडच्या एका ओळीवर माझा हात थांबला. मोठं प्रजासत्ताक का चांगलं, तर त्यात वाईट लाटा सहज सगळीकडे पसरत नाहीत, असं तो म्हणतो आणि त्या वाईट लाटांची यादी देतो. कागदी चलनाचा हट्ट, कर्जं रद्द करण्याची मागणी, मालमत्तेची समान वाटणी, किंवा असाच दुसरा कोणताही अयोग्य वा दुष्ट बेत. कर्जं रद्द करणं, दुष्ट बेत! माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा मी लहानपणापासून पाहिलाय. कर्जमाफीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली की तिच्याभोवती जमणारी, एकमेकांच्या खांद्यावरून नाव शोधणारी माणसं पाहिलीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने ही ओळ शांतपणे वाचावी, हे होणं नाही. मला राग आला. पुस्तक मिटलं, बॅटरी घेऊन पाणी कुठवर आलं ते पाहायला गेलो.

त्या ओळीमागे कोण उभं आहे ते मला माहीत होतं. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी, त्यातले कितीतरी स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, कर आणि कर्जांखाली दबले होते. जमिनी जप्त होत होत्या, माणसं तुरुंगात जात होती. डॅनियल शेज आणि त्याच्यासारख्या इतरांच्या मागे जमून त्यांनी कर्जवसुलीचे दावे चालू नयेत म्हणून न्यायालयं बंद पाडली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली आणि मोडले गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात सभा भरली. नवी घटना हवी असं वाटणाऱ्या कित्येकांच्या डोळ्यांपुढे हा कर्जबाजारी शेतकरी होता. सहाव्या लेखात हॅमिल्टन तर त्याचं नाव घेऊन म्हणतो की शेज कर्जाने गांजलेला नसता तर मॅसॅच्युसेट्स यादवीत पडलं असतं का, याची शंकाच आहे. म्हणजे या लेखांत आम्ही आहोत. धोका म्हणून आहोत. चोपन्नाव्या लेखात गुलामांना लोकसंख्येत माणसाच्या तीन-पंचमांश मोजण्याचं समर्थन आहे, बायकांना तर कोणी विचारात घेतलेलंच नाही. लोकांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरात लोक एवढेच होते, हे विसरून त्या लेखांचं कौतुक करणं मला जमत नाही.

तरी मी पुढच्या रात्री तोच लेख पुन्हा उघडला, कारण त्याच मॅडिसनने त्याच लेखात असंही लिहिलंय की माणसांत तट पडण्याचं सगळ्यात नेहमीचं आणि टिकाऊ कारण म्हणजे संपत्तीची असमान वाटणी. सावकार आणि कर्जदार, जमीनवाला आणि बिनजमिनीचा, यांचं हित कधीच एक नसतं, आणि जो त्या तटात आहे त्याने आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. पुढे तो म्हणतो की समाज जितका लहान तितके तट कमी, आणि तट जितके कमी तितकं एका तटाला बहुमत जमवून दुसऱ्याला चिरडणं सोपं. क्षेत्र मोठं करा, तट वाढतील, एकाच बहुमताला सगळीकडे दडपणं अवघड जाईल.

इथे मला ४ नोव्हेंबर १९४८ आठवला. मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांबद्दल जे म्हटलं ते आम्हा खेड्यातल्या लोकांना आजही टोचतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची, कोतेपणाची आणि जातीयतेची गुहा, असा त्याचा आशय. घटनेचा पाया गाव असावा म्हणणाऱ्यांना ते उत्तर देत होते आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. माझं गाव माझं आहे. पोळ्याच्या तोरणाखालची बैलं, मारुतीच्या पारावरचा भजनाचा आवाज, लग्नात अख्ख्या गावाने लाटलेल्या पोळ्या, ही गुहा कशी? पण त्याच गावात दोन विहिरी होत्या. दुसरी विहीर नाल्याच्या पलीकडे, उन्हाळ्यात आधी आटणारी. ती आता बुजवली आहे, तिचं दगडी तोंड तिथेच आहे. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना जाऊ द्यावं म्हणून पंजाबरावांना सत्याग्रह करावा लागला. मॅडिसनला लहान प्रजासत्ताकात सावकारासाठी भीती वाटली आणि बाबासाहेबांना लहान गावात वस्तीबाहेरच्या माणसासाठी. भीती कोणासाठी वाटावी याबाबत दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि मी बाबासाहेबांच्या बाजूला उभा आहे. पण लहान जागेत बहुमत अंगावर येतं, हे दोघांनी सारखंच ओळखलं.

मग १९४९ मध्ये आमच्या गावाला खरंच विचारलं असतं तर? चावडीवर पाटील, कुळकर्णी, दोन-चार मोठ्या जमिनीची घराणी बसली असती, आबाजींचे वडील खाली उभे राहिले असते आणि नाल्यापलीकडच्यांना बोलावणंही गेलं नसतं. सतरावं कलम, अस्पृश्यता नष्ट करणारं, त्या चावडीवर हात वर करून मंजूर झालं असतं का? मला वाटत नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारता यावं, यासाठीच आधी कोणालातरी न विचारता काही गोष्टी ठरवाव्या लागल्या. हे मला पटतं आणि तरी आबाजींचं "म्हंजे नाई इचारलं" खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टी मनात एकत्र घेऊन मी फिरतोय.

अमेरिकेत विचारलं त्याचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्कने त्या एका निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून सगळ्या स्वतंत्र प्रौढ पुरुषांना मत दिलं. निकाल लागला तेव्हा पब्लियसची बाजू सपाट पडली होती. ६५ प्रतिनिधींपैकी १९ घटनेच्या बाजूचे, ४६ विरोधातले. एवढे लेख लिहूनही मतदार फिरला नव्हता. पकिप्सी गावात अधिवेशन भरलं, आठवड्यामागून आठवडे वाद चालला. मध्येच बातमी आली की २१ जूनला न्यू हॅम्पशायर नववं राज्य ठरलं, मग व्हर्जिनियाची बातमी आली, तिथे ८९ विरुद्ध ७९. विरोधकांचा पुढारी मेलँक्टन स्मिथ हॅमिल्टनशी रोज समोरासमोर भांडत होता. शेवटी तो आणि त्याच्यासारखे काही जण बाजू बदलून आले. २६ जुलै १७८८, बाजूने ३०, विरोधात २७. पण ते मोकळ्या हाताने आले नव्हते, घटनेत सुधारणा व्हायलाच हव्यात ही मागणी घेऊनच आले. चौऱ्याऐंशीव्या लेखात हॅमिल्टनने हक्कांची वेगळी सनद अनावश्यक आहे असं ठासून सांगितलं होतं. विरोधकांनी ते मान्य केलं नाही. १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या आल्या. धर्म, भाषण आणि छापखान्याचं स्वातंत्र्य, विनाकारण झडती नको, ज्यूरीपुढे खटला. आज अमेरिकन माणूस घटना म्हणून जे छातीला लावतो, त्यातला मोठा भाग हरलेल्या बाजूने लावून धरलेला आहे. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, ८५ लेखांहूनही.

आमच्या ग्रामसभेची नोटीस म्हणजे विषयांची यादी असते. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, अमुक. बाजूने काय, विरोधात काय, याचा एक शब्द नसतो. माणसं सही करतात, काही जण सही करून तुरीचा भाव बघायला निघून जातात, आणि संध्याकाळी ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो. हे असंच असायला हवं असं काही नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आपल्याच विदर्भात आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची. तिथे अभ्यास गट बसतो, विषय सगळ्या बाजूंनी समजून घेतो आणि ग्रामसभेत एकमत होईपर्यंत बोलणं चालतं. २००९ मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो असा बसून, बोलून, कागद वाचून. गाव गुहाच राहतं असं नाही, हे त्या गोंड गावाने दाखवून दिलंय. बाबासाहेबांनी ते पाहिलं असतं तर त्यांना आनंद झाला असता असं मला मनापासून वाटतं.

सध्या आमच्यापुढे विषय आहे ई-क्लास जमिनीचा, म्हणजे गावच्या ढोरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीचा. सौर कृषी वाहिनी, म्हणजे उन्हावर वीज करून ती शेतपंपांना देणाऱ्या सरकारी योजनेसाठी गावची ई-क्लास द्यायची का? दिली तर शेतपंपांना दिवसा वीज मिळेल, रात्रीचं ओलीत संपेल, साप-विंचवाच्या भीतीने घरी जाग्या बसणाऱ्या बाया निवांत झोपतील. गावात पंप असलेली घरं जास्त आहेत, म्हणजे हात वर केले की निकाल आताच लागलेला आहे. पण त्या जमिनीवर बकऱ्या चारणारी घरं मूठभर आहेत आणि त्यांच्यातल्या एकाकडेही पंप नाही, वावरच नाही. मी सरपंचबाईंना म्हटलं की ग्रामसभेआधी दोन पानं फलकावर लावू, एक बाजूचं, एक विरोधातलं, आणि आठ दिवस राहू देऊ. त्यांनी होकार दिला. बाजूचं पान मी लिहिलं, कारण मला दिवसाची वीज हवी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विरोधातलं पान बकऱ्या राखणाऱ्या एका मावशी सांगताहेत आणि माझी बारावीची विद्यार्थिनी लिहून घेते आहे. काल तिने मला मसुदा दाखवला. मावशींनी मोजणी सांगितली आहे, बकरी विकून कोणत्या पोराची कोणती फी भरली ते सांगितलं आहे, ई-क्लासऐवजी कालव्याच्या कडेची पडीक जागा का घेत नाही असा सवाल केला आहे. आणि एक ओळ पोरीने त्यांच्याच बोलीत जशीच्या तशी ठेवली आहे, "तुमाले दिवसा लाइन पाह्यजे हे खरं हाये भाऊ, पन बकऱ्या रातच्याले कुठी चारू?"

कालव्याच्या जागेची मोजणी तलाठ्याकडून मागवली आहे. ती येईपर्यंत माझ्या पानात या मुद्द्याला उत्तर नाही, आणि मी तसं पानावर लिहिलं आहे. ग्रामसभा एक मेला आहे.